आजीचा हंस आणि रशियाचा अग्निपक्षी

मी आठवीत होतो त्या वर्षी वडिलांनी बेळगावहून येताना रशियन लोककथांचे एक मराठी पुस्तक आणले होते. मॉस्कोत छापलेली अशी पुस्तके त्या काळी मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत आपल्याकडे येत. जाड गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रे आणि किंमत मात्र एखाद्या वहीइतकी. रात्री जेवणे उरकली की कंदिलाशी बसून मी त्यातली एकेक गोष्ट आजीला वाचून दाखवीत असे. एका राजाच्या बागेत सोन्याची सफरचंदे लागत. रोज रात्री कोणीतरी येऊन ती चोरून नेई. थोरले दोन राजपुत्र पहाऱ्याला बसले आणि झोपून गेले. धाकटा इवान मात्र जागा राहिला. मध्यरात्री अख्खी बाग उजळली आणि अग्निपक्षी उतरला. इवानने झडप घालून त्याचे शेपूट धरले, पण पक्षी निसटला. हातात राहिले एक पीस. ते पीस अंधाऱ्या खोलीत नेले तर दिवे लावल्यासारखा उजेड पडला.

आजीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हा आपला नळाचा हंसच की रे. पण धरल्यावर रडला कसा नाही?"

माझी आजी घरात कोकणी बोलायची, सुप्याच्या बाजारात कानडी आणि श्लोक म्हणायची ते मराठीत. तिला अक्षरओळख नव्हती. जे काही होते ते देवळातल्या उत्सवात, कीर्तनाला बसून, कानावाटे आलेले. रघुनाथपंडिताच्या 'दमयंतीस्वयंवर' आख्यानातला हंसाचा विलाप तिला तोंडपाठ होता. रघुनाथपंडित हे नाव मात्र तिने कधी ऐकले नसावे. तिचा प्रश्न मी त्या वेळी हसण्यावारी नेला. पुढे धारवाडला कर्नाटक विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करीत असताना वसतिगृहातल्या एका मित्राकडे स्ट्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'ची कॅसेट ऐकली, आणि तो प्रश्न परत आला. एव्हाना मी पन्नाशी ओलांडली आहे आणि जोयड्याच्या रानात मुख्याध्यापकी करतो आहे. या प्रश्नाचे जेवढे उत्तर हाती लागले तेवढे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम रशियाच्या पक्ष्याविषयी. रशियन भाषेत त्याला 'झार-प्तित्सा' म्हणतात. 'झार' म्हणजे धग, निखाऱ्याची लाली; भाषाशास्त्रज्ञांच्या मते आपला संस्कृत 'घर्म' आणि त्यातून आलेला रोजचा 'घाम' हे शब्द याच धातूच्या गोतातले. (रशियन शब्दाला तेज आले आणि आमच्या वाट्याला घाम आला, असे मी वर्गात म्हणतो तेव्हा मुले हसतात.) अफनास्येव या संग्राहकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रशियन लोककथांचे खंड प्रसिद्ध केले, त्यात राजपुत्र इवान, अग्निपक्षी आणि करडा लांडगा ही कथा आहे. तिच्यात पक्षी ही मिळवण्याची वस्तू आहे. तो हवासा आहे, अवघड आहे, मोलाचा आहे. परंतु त्याला मन नाही. त्याची आई कोण, घरटे कुठे, हे कथेला विचारावेसे वाटत नाही. आजीची तक्रार लोककथेपुरती रास्तच होती.

पण पक्षी लोककथेत राहिला नाही. दिआगिलेव या कल्पक रशियन गृहस्थाने पॅरिसमध्ये रशियन नृत्यनाट्ये दाखवायला सुरुवात केली होती. त्याच्या मंडळीसाठी फोकीन या नृत्यरचनाकाराने अग्निपक्ष्याची गोष्ट निराळ्या पद्धतीने जुळवली, तीत कश्चेई या न मरणाऱ्या मायावी राक्षसाची कथा मिसळली आणि संगीताचे काम ईगोर स्ट्राविन्स्की नावाच्या जवळजवळ अनोळखी तरुणावर पडले. हा रिम्स्की-कोर्साकोवचा शिष्य. २५ जून १९१० रोजी पॅरिसच्या ऑपेरात पहिला प्रयोग झाला तेव्हा त्याला अठ्ठाविसावे वर्ष पुरे होऊन आठवडासुद्धा उलटला होता की नव्हता अशी स्थिती. पक्षिणीची भूमिका तामारा कार्साविनाने केली. त्या एका रात्रीनंतर स्ट्राविन्स्की हे नाव साऱ्या युरोपला ठाऊक झाले.

फोकीनने केलेला बदल आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्याच्या कथेत पक्षी निसटत नाही. इवान त्याला घट्ट पकडतो. मग पक्षी सुटकेची विनवणी करतो, मोबदल्यात आपले एक पीस देतो आणि संकटात हाक मारलीस तर येईन असे कबूल करतो. पुढे राक्षसाच्या सेनेने इवानला घेरल्यावर तो येतो, त्या साऱ्यांना दमेपर्यंत नाचवतो, अंगाई गाऊन झोपवतो आणि राक्षसाचा जीव ज्या अंड्यात आहे ते दाखवून देतो. अंडे फुटते, बंदिवान राजकन्या सुटतात, इवानचे लग्न होते. राजा पक्षी पकडतो, पक्षी विनवतो, राजा सोडतो, पक्षी लग्न जुळवतो. आता ही नळाच्या हंसाची गोष्ट नाही तर काय? फोकीनला नलोपाख्यान माहीत होते असे मला सुचवायचे नाही. मनुष्य सुंदर पक्षी हातात धरतो तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा असतात, ठेवणे किंवा सोडणे. आणि सोडण्याची गोष्ट बहुधा सगळीकडे अशीच जाते.

स्ट्राविन्स्कीने संगीतात काय केले ते आपल्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो. सुरुवात अगदी खालच्या सप्तकात, चेलो आणि डबल बास या भारी तंतुवाद्यांवर. सा ते तीव्र मध्यम एवढ्याच अंतरात घुटमळणारी एक सुरावट. ती कुठे टेकत नाही, म्हणून ऐकणाऱ्याचा पायही जमिनीवर ठरत नाही. हा मायेचा प्रदेश. पक्षी आणि राक्षस यांच्या वाट्याला असे कोमल-तीव्र एकमेकांत गुंतलेले सूर, आणि इवान व राजकन्या यांच्या वाट्याला सरळ, शुद्ध स्वरांची लोकगीते. माणसे आणि माया यांच्या भाषा निराळ्या ठेवण्याची ही युक्ती त्याने गुरूकडून घेतली होती. पक्ष्याचे आगमन तर सुरापेक्षा रंगाने होते. बासऱ्या, क्लॅरिनेट, हार्प, तारांवरची थरथर असे सारे मिळून जणू उजेडाचे कण उडतात. चाल म्हणून गुणगुणावे असे त्यात थोडेच आहे. गुणगुणता येते ती शेवटी येणारी लोकधून. हॉर्न हे वाद्य ती आधी एकट्याने, हलक्या आवाजात वाजवते. मग एकेक वाद्य येऊन मिळते आणि अखेर सात मात्रांच्या घेऱ्यात ती धून देवळातल्या घंटांसारखी दणाणते. आपल्याला सात मात्रा म्हटल्यावर रूपक आठवतो; पॅरिसच्या श्रोत्यांना त्या काळी ते वजन नवलाचे वाटले असणार.

तर मग आजीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का? पॅरिसच्या रंगमंचावर पक्षी विनवतो. मूळ संगीतात 'अग्निपक्ष्याची विनवणी' असा स्वतंत्र भागच आहे, अन् तो सुंदर आहे. पण गंमत पुढे आहे. नृत्यनाट्यातून निवडक भाग घेऊन स्ट्राविन्स्कीने नुसत्या वाद्यवृंदासाठी तीन मालिका केल्या, १९११, १९१९ आणि १९४५ साली. त्यातली १९१९ची सर्वात लोकप्रिय झाली. जगभर बहुतेक वेळा हीच वाजते, डिस्नेच्या 'फँटेशिया २०००' या चित्रपटातही हीच घेतली. आणि तिच्यातून विनवणी वगळलेली आहे! पक्ष्याचा नाच आहे, राक्षसाचे तांडव आहे, अंगाई आहे, शेवटच्या घंटा आहेत. धरलेल्या पक्ष्याची गयावया तेवढी नाही. १९४५च्या मालिकेत तो भाग पुन्हा आला, पण श्रोत्यांची आवड तोवर ठरून गेली होती. अग्निपक्षी संगीतात आला तो उजेडाच्या रूपाने, आणि विनवणी काढून घेतली तरी त्याचे काही अडले नाही.

आपल्या हंसाचे मात्र विनवणीवाचून अडते. ते कसे, हे पाहण्यासाठी त्याची तीन रूपे शेजारी ठेवावी लागतात.

महाभारतात, वनपर्वात, बृहदश्व ऋषी द्यूतात हरलेल्या युधिष्ठिराला नळाची कथा सांगतो. तेथे नळ उपवनात सोन्याने मढल्यासारख्या हंसांपैकी एकाला धरतो. हंस लगेच बोलतो: राजा, मला मारू नकोस, तुझे प्रिय करीन, दमयंतीपुढे तुझे असे वर्णन करीन की तिला दुसरा पुरुष सुचणार नाही. हा झाला व्यवहार. दोन्ही बाजूंचा फायदा, चार वाक्यांत करार, पक्षी मोकळा. फोकीनच्या कथेतही पीस आणि मदत यांचा असाच करार आहे.

बाराव्या शतकात कनौजच्या दरबारी श्रीहर्षाने 'नैषधीयचरित' लिहिले आणि हा करार मोडून टाकला. त्याचा हंस आधी राजाला टोचून बोलतो. माझी सोन्याची पिसे पाहून तुझे मन हावरे झाले, पण समुद्राला दवाचे थेंब मिळून त्याची काय भर पडणार? शौर्य दाखवायचे तर पावलोपावली योद्धे आहेत, कमळाच्या देठांवर ऋषीसारखा जगणारा पक्षी कशाला? मग त्याचा धीर सुटतो. घरी जराजर्जर आई, तिचा मी एकुलता एक. नुकतीच प्रसवलेली पत्नी. माझ्या आधाराने जगणारी ही दोघे. पिले चोची वासून कुणाला हाका मारतील? बोलता बोलता तो मूर्च्छित होतो आणि जागा होतो तो राजाच्या डोळ्यांतल्या पाण्याने. राजा म्हणतो, तुझे रूप पाहायला धरले होते, ते पाहून झाले, आता जा. अट नाही, पीस नाही, वचन नाही. लग्न जुळवण्याचे काम हंस पुढे आपण होऊन अंगावर घेतो. माझ्या मते जगातल्या पक्षी पकडण्याच्या कथांत ही सोडणूक सर्वात श्रीमंत आहे. मागितले काहीच नाही, म्हणून मिळाले ते सारे उपकाराच्या खात्यावर न जाता प्रेमाच्या खात्यावर गेले.

रघुनाथपंडित श्रीहर्षाच्याच वाटेने चालला आहे. याच्या चरित्राबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. त्यात शिरत नाही. तो अनुवादक नव्हे, एवढेच मला दाखवायचे आहे. त्याच्यात दोष आहेत. अनुप्रासाचा सोस इतका की कधी कधी अर्थ यमकामागे धापा टाकीत धावतो. पण विलापाच्या श्लोकात त्याने जे केले ते मूळ कवीलाही साधले नव्हते. श्रीहर्षाची आई नुसती म्हातारी आहे; म्हातारी कोणाचीही असते. मराठी कवीची आई म्हातारी आहे आणि तिला उडता येत नाही. म्हातारपण पक्ष्याच्या जातीत काय असते ते त्याने अचूक पकडले. श्रीहर्षाची पत्नी नवप्रसूत आहे. मराठी कवी दिवस मोजून सांगतो, सात दिवसांची बाळंतीण. हा आकडा संस्कृतात नाही. ज्या घरात बाळंतपणे होतात, जिथे दिवस बोटांवर मोजले जातात, पाचवी आणि बारसे यांच्या मधल्या दिवसांत बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, त्या घरातून तो आला आहे.

आता वृत्त पाहा. श्रीहर्षाचा हा सर्ग मुख्यतः वंशस्थ वृत्तात आहे, ओळीला बारा अक्षरे. रघुनाथपंडिताने विलापाच्या या श्लोकासाठी शार्दूलविक्रीडित घेतले, एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. म्हणजे बारा अक्षरांनंतर गळा थांबतो, श्वास घेतो आणि उरलेली सात अक्षरे म्हणतो. कवीने या थांब्याचा उपयोग कसा केला आहे! पहिल्या बारा अक्षरांत एवढेच कळते की कोणी एक म्हातारी आहे आणि तिला उडवत नाही. थांबा. मग कळते की ती माझी आई आहे. पुढच्या ओळीत पत्नी, तिचे काय सांगू, नुकतीच बाळंत झालेली. पुन्हा थांबा. आणि मग ते सात दिवस, नेमके त्या सात अक्षरांत. डोळ्यांनी वाचणाऱ्याला यती दिसत नाही. तो भराभर पुढे सरकतो. म्हणणाऱ्याला मात्र थांबल्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्या थांब्यात ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते. माझी आजी तिथे थांबायची. यती म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते.

शार्दूलविक्रीडित म्हणजे दुसरे काय? आपल्या घरोघरच्या मंगलाष्टकांचे वृत्त. अंतरपाट धरला असता भटजी आणि मामा-मावशा ज्या चालीवर म्हणतात, तीवर हा विलाप जसाच्या तसा बसतो. जो पक्षी पुढे नळ-दमयंतीचे लग्न जुळवणार आहे त्याचे रडणे कवीने लग्नाच्या चालीत घातले आहे. हे जाणून केले की वृत्त हाती आले म्हणून झाले, त्याचा निवाडा करायची मला गरज वाटत नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा हा श्लोक म्हणत तेव्हा ऐकणाऱ्या बायकांना आपले माहेर सुटले तो दिवस आठवत असणार, एवढे मात्र खात्रीने म्हणतो.

येथे एक खाजगी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काळी नदीवरचे सुपा धरण १९८७ साली पुरे झाले आणि सुपे गाव पाण्याखाली गेले. त्याआधीच आमचे बिऱ्हाड इतर पुष्कळांसारखे रामनगरला हलले होते. सामान ट्रकमध्ये चढत होते आणि आजी ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती ती उठेना. कोणाशी भांडली नाही, रडली नाही, फक्त उठेना. शेवटी वडिलांनी तिला उचलून नेले. समीक्षा लिहिताना आपले दुःख कवितेत घुसडू नये हे मला कळते. तरी त्या दिवसापासून त्या श्लोकातली उडता न येणारी म्हातारी मला पक्षीण वाटलेली नाही.

असो. हंसाचा संगीतावर प्रभाव म्हणाल तर एक विलक्षण गोष्ट दिसते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात सात स्वर कोणत्या प्राण्यांच्या आवाजाचे ते दिले आहे. मोर षड्जाला, चातक ऋषभाला, बोकड गांधाराला, क्रौंच मध्यमाला, कोकिळ पंचमाला, बेडूक धैवताला, हत्ती निषादाला. बेडकाला जागा आहे, बोकडाला आहे, हंसाला नाही. ते योग्यच आहे. आपल्या वाङ्मयातला हंस म्हणजे प्रत्यक्षात पट्टकदंब, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावर हिवाळ्यात त्यांचे थवे उतरतात. ते ओरडू लागले की मोटारींचे भोंगे वाजल्यासारखे वाटते. यापेक्षा आमच्या गणेशगुडीच्या ओढ्याकाठी पहाटे शीळ घालणारा कस्तुर शंभर पटींनी गोड.

तरीही दक्षिणेत रामस्वामी दीक्षितांनी अठराव्या शतकात एक राग बांधला आणि त्याला 'हंसध्वनी' नाव दिले. सा रे ग प नी, मध्यम-धैवत वर्ज्य. त्यांचे पुत्र मुत्तुस्वामी यांची वातापिगणपतीची कृती याच रागातली, आणि वातापी म्हणजे आपली बदामी. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो हिंदुस्थानी पद्धतीत रुजवला. पुढे किशोरी आमोणकरांनी तो गाइला. राग उजळ आहे, प्रसन्न आहे, मैफलीच्या आरंभाला फुलासारखा. परंतु त्या नावातला हंस सरस्वतीजवळचा, मानससरोवरातला, कोणी न धरलेला हंस आहे. नळाच्या मुठीतल्या पक्ष्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या गवयांनी नाव घेतले, रडणे घेतले नाही. रविवर्म्याने १८९९ मध्ये 'हंस-दमयंती' रंगवले आणि ते छापील चित्रांतून घरोघर गेले, तिथेही हंस पांढराशुभ्र. सोने गेले आणि धरण्याचे कारणही गेले!

म्हणजे नळाचा हंस आपल्या संगीतात आला तो आवाजाने नव्हे, रंगाने नव्हे, तर बोलण्याने. तो शब्दांतून आला, म्हणून जिथे शब्द गाऊन सांगितला जात होता तिथेच तो जगला: आख्यानात, कीर्तनात, साकी-दिंडी-श्लोकांच्या परंपरेत. मराठी संगीत नाटकाने हीच गाण्यांची शिदोरी उचलली. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० सालचे. त्याच्या आदल्याच वर्षी सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे 'नल-दमयंती' हे पदांनी भरलेले नाटक आले होते. पण पुढे नाट्यपदांना ख्यालाच्या चाली लागल्या, तान मोठी झाली आणि श्लोक लहान झाला. अग्निपक्ष्याची विनवणी गाळली तरी त्याचा उजेड उरतो. हंसाचा विलाप नुसता छापला, म्हटला नाही, तर काय उरते? पाठ्यपुस्तकात आठ ओळी आणि खाली शब्दार्थ.

शेजारी मात्र वेगळे घडले आहे, आणि दुभाषी जिल्ह्यात राहणाऱ्या आपणा सर्वांना ते दिसते. कनकदासांनी सोळाव्या शतकात 'नळचरित्रे' लिहिले ते भामिनी षट्पदीत. कन्नडमध्ये काव्य रागात म्हणून दाखवण्याची गमक नावाची कला आहे. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने अर्थ उलगडायचा. तालाची सक्ती नाही, शब्द कुठे तुटू द्यायचा नाही. ही कला आजही शिकवली जाते, तिच्या परीक्षा होतात, सभा भरतात. आमच्या शाळेतले कन्नडचे गुरुजी एकदा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सहज षट्पदी म्हणू लागले. शिपाई पाण्याचा तांब्या हातात धरून दारात उभा राहिला. संपल्यावर गुरुजी मला म्हणाले, "सर, तुमच्यातले म्हणा की एखादे." मी एम. ए. मराठी. वृत्ताचे गण मला झोपेतून उठवले तरी सांगता येतील. म्हणता मात्र येईना; आजीची चाल आठवत होती, गळा मात्र चालेना. मोरोपंत, वामन, रघुनाथपंडित यांच्यावर मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती, त्यातले एकही कधी मोठ्याने म्हटले नव्हते. हा दोष मी विद्यापीठावर ढकलणार नाही. आजी जवळ होती तोवर मला कोणी अडवले नव्हते.

नंतर महिनाभर मी घरी दार लावून सराव केला. घरातल्यांना वाटले, मुख्याध्यापक कुणाच्या लग्नात मंगलाष्टके म्हणणार आहेत.

आमच्या शाळेचे माध्यम कन्नड. मुलांच्या घरी कोणाच्या कोकणी, कोणाच्या मराठी. रघुनाथपंडित अभ्यासक्रमात असण्याचा प्रश्नच नाही. शनिवारी शेवटच्या तासाला मी नववीच्या मुलांना आधी रशियाची गोष्ट सांगितली, फोनवर स्ट्राविन्स्कीचा पक्षी दोन-तीन मिनिटे ऐकवला. मुलांना तो आवडला. एकाने तो वीज चमकल्यासारखा वाटतो म्हणून सांगितले, ते अगदी बरोबर होते. मग नळाची गोष्ट सांगून विलापाचा श्लोक म्हटला. मंगलाष्टकाची चाल ओळखून मुले आधी फिदीफिदी हसली. दुसऱ्या ओळीच्या थांब्याला हसू ओसरले. अर्थ निम्म्यांना कोकणीतून सांगावा लागला, पण सात दिवसांचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

तास संपता संपता कुणब्यांच्या वाडीवरून चालत येणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, सुटल्यावर तो आधी घरी गेला का?"

मी त्याला श्रीहर्षात काय आहे ते सांगितले. सुटल्यावर हंसाने पंख झटकले, पिसे नीट केली, तळ्यावरचे घाबरलेले पक्षी त्याच्याभोवती जमले आणि तो परत येऊन राजाच्या हातावर बसला. तिथून राजाच्या कामासाठी थेट विदर्भात, कुंडिनपुराला.

"मग बाळंतिणीला कोणी कळवले?" त्याने विचारले. घंटा झाली होती, दप्तरे उचलली जात होती, तो मात्र उत्तरासाठी उभाच होता.